पट्टीवरचा अंगठा

संत्र्याच्या सालींचा वास मला आता फळाचा वाटत नाही, कामाचा वाटतो. साली वाळवायच्या, उकळायच्या, त्या अर्कात पोलादाची घासलेली पट्टी बुडवायची आणि दमट बरणीत टांगून ठेवायची. विषारी रसायनाशिवाय गंज थांबावा, एवढंच मागणं. पट्टीला उघडा हात लावायचा नाही, हा पहिला नियम मी दरवर्षी मुलांना सांगते.

आज महिन्याने बरणी उघडली. पट्टी चकचकीत होती, फक्त मधोमध तांबूस गंजाचा एक अंगठा उमटला होता. रेषान् रेष स्पष्ट.

"मॅडम, हा तुमचाच," आमच्या लॅबचे जुने शिपाई वामनमामा म्हणाले. "या पट्टीला आपण दोघंच हात लावतो, आणि माझा ठसा उमटतच नाही. पट्ट्या घासून घासून बोटं गुळगुळीत झालीत. हजेरीचं मशीनसुद्धा ओळखत नाही मला."

म्हणजे कधीतरी दमलेली असताना मीच हातमोजा न घालता पट्टी उचलली होती. माझ्या घामावर अर्क धरलाच नाही. महिना वाया गेला. पुन्हा साली, पुन्हा उकळणं. स्वतःचा राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं. खिडकीशी बसून नुसती पट्टीकडे पाहत राहिले. जिला इतकं जपलं, तिला माझाच हात बाधला होता.

"द्या इकडे," मामा म्हणाले. "घासली की नवी होईल."

मी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी पॉलिशपेपर घेतला, आणि त्या बिनरेषांच्या बोटांखाली माझा अंगठाही हळूहळू पुसला जाऊ लागला.