पहिली पाच गाणी माझी होती

ईट गावातल्या आमच्या घरात इंग्रजी गाण्यांवर माझा एकटीचा हक्क होता आणि तो मी कुणाला देणार नव्हते, हे आधीच सांगून टाकते. धाराशिवला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघी एकच हेडफोन आळीपाळीनं लावायचो, तिथं ती गाणी कानाला लागली. पुढं लग्न होऊन मी ईटला आले, इथल्याच शाळेत शिकवू लागले. घरात इंग्रजी काही निघालं, अगदी औषधाची बाटली जरी असली, तरी सगळे माझ्याकडं बघायचे. मला ते फार आवडायचं.

एक जानेवारीची रीत मीच पाडली. सकाळी दूध तापवून झालं की मोबाइलवर पाच गाणी लावायची. डिसेंबरभर माझी निवडानिवड चालायची. पहिलं गाणं संथ हवं, नुसता पियानो आणि एका बाईचा आवाज, कारण वर्षाची सुरुवात धसमुसळी नको. मधली गिटारची. पाचवं जरा उडतं, पण जराच. नवऱ्याला ही सगळी रडगाणी वाटतात, तो चहा घेऊन शेताकडं सटकतो. ऐकायला उरायच्या त्या सासूबाई. मी त्यांना अर्थ सांगायची, की ही बाई म्हणतेय, गेल्या साली भांडलो ते उंबऱ्याबाहेर ठेवू. त्या माझ्या तोंडाकडं बघत मान डोलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "लई ग्वाड हाय गं." एवढ्यावर माझं वर्ष सुरू व्हायचं.

यंदा धाकटी जाऊ आली. पुण्यात वाढलेली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. दीर कामावर परत गेला, पण हिचं काम लॅपटॉपवर, म्हणून येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, होईपर्यंत ती आमच्याकडं राहिली. येळवशीला आमच्याकडं गावात माणूस उरत नाही, सगळे शेतात जेवायला जातात, आणि यंदा येळवस अगदी नव्या वर्षाला चिकटून आली होती. त्यामुळं एक तारखेच्या सकाळी आम्ही तिघी अंगणात भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीसाठी, शेंगा सोलत बसलो होतो. तूर, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, असा मोठा ढीग समोर.

मी माझी गाणी लावली. जाऊ गप्प ऐकत होती, मध्येच सासूबाईंकडं बघत होती. मला वाटलं, थोरल्या जावेचा वट बघतेय, बघू दे. पाचवं संपलं, "लई ग्वाड हाय गं" झालं, आणि ही म्हणाली की ताई, मी पण न्यू इयरची लिस्ट केलीय, लावू का? नाही कसं म्हणणार. ती आतून तांब्याएवढा स्पीकर घेऊन आली आणि तो तिनं सरळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

गाणं कसलं, नुसता दणदणाट. ढोल, वर तुताऱ्या, वर दहा-वीस जण ओरडतायत. आता सासूबाई वैतागणार म्हणून मी मनातून खूश झाले. त्यांनी हातातली शेंग टाकली. दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवले. मग त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला, मग पाऊल, आणि मग त्या हसल्या, दात दिसेपर्यंत. "आणिक लाव," म्हणाल्या.

आणिक लाव. इतक्या वर्षांत मला एकदाही नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, उगाच सोवळेपणानं कशाला सांगू. मी म्हटलं, आत्या, ह्यात अर्थ काही नाही, नुसतं नाचा नाचा म्हणतायत. त्यांनी वर बघितलंही नाही. मग मी जावेला म्हटलं, त्यांचं डोकं दुखेल, कमी कर. तिनं केलं नाही. तेव्हा मीच स्पीकरचं बटण दाबायला हात पुढं केला, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. सुनेच्या हाताला सासूनं असं नव्या जावेसमोर अडवावं, हे मला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. मी खाली मान घालून वाटाणे सोलू लागले.

जाऊ माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू फार कमी येतं ना. मांडीवर ठेवला की दणका हाताला कळतो, म्हणून ठेवला. तुमची गाणी चालू होती तेव्हा त्या तुमच्या ओठांकडं बघत होत्या."

दारात ओरडून दमलेला दूधवाला मला आठवला. दोनदा सांगितल्याशिवाय न उठणाऱ्या सासूबाई आठवल्या. म्हातारपणी हट्टी झाल्यात, असं मीच गल्लीभर सांगत फिरले होते. मी रोज त्यांच्या शेजारी बसणारी, आणि हिनं ते महिन्याच्या आत ओळखलं. गाण्यांवरून होत होता त्याच्या दसपट जळफळाट आता झाला, आणि त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "माहितीय मला. केव्हापासूनच."

ती शेंग सोलता सोलता थांबली. "मग डॉक्टरला दाखवलं नाही का तुम्ही?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ढिगातली पुढची शेंग उचलली.

गाणं संपलं होतं. सासूबाईंनी आमच्या दोघींचे चेहरे बघितले आणि मला विचारलं, "काय म्हणायली गं ती?"

मी मान वर न करता, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "काही नाही, आत्या."

त्यांनी माझ्याकडं बघत मान डोलवली. "लई ग्वाड हाय गं," म्हणाल्या.