मोटारसायकलवरचा बाण

अमेरिकेतल्या माझ्या मेहुण्यानं तीन यंत्रांचे फोटो असलेली एक पुस्तिका पाठवली आणि पत्रात लिहिलं, यातलं कोणतं आणू ते कळवा. आपण कुठे आहोत हे उपग्रहांवरून सांगणारी ती यंत्रं होती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. सुरतेत असलं काही मी तरी कोणाकडे पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्या मागच्या सुट्टीत मी त्याच्यापुढे रडगाणं गायलं होतं, की माझं निम्मं आयुष्य मोटारसायकलवर पत्ते शोधण्यात चाललंय.

मी इच्छापोरच्या एका कारखान्यात हजेरीबाबू होतो. कामगार बरेचसे खानदेशातले, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिंबायतला. कोणाच्या गावाहून कारखान्यात फोन आला की निरोप घरी पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडायचं, कारण ऑफिसात मराठी बोलणारा आणि मोटारसायकल असलेला मी एकटाच. तसा कोणाचा लेखी हुकूम नव्हता. असलं काम एकदा केलं की ते आपलंच होऊन बसतं.

लिंबायतच्या गल्ल्यांत घराचा नंबर शोधून उपयोग नव्हता. तिथे माणूस सापडायचा तो त्याच्या गावावरून. पानवाल्याला विचारायचं, पारोळ्याकडचे लोक कुठे राहतात? तो एका गल्लीत धाडणार, तिथली बाई दुसरीत. आणि नुसतं सांगून कोणी सोडायचं नाही. तुम्ही कुठले, लेकरं किती, निरोप बरा आहे की वाईट, आणि आता आलाच आहात तर चहा घ्या. सुरुवातीला मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू? सात-आठ वर्षांनी मात्र त्या चहाचा आणि त्या प्रश्नांचा मला वीट आला होता.

म्हणून मी पुस्तिका घेऊन चांगले चार दिवस बसलो. पहिल्या यंत्राचा पडदा मोठा होता, पण त्याला मोटारगाडीतली वीज लागायची. दुसऱ्यात नकाशे होते, तेही सगळे अमेरिकेचे. तिसरं लहानसं, पिवळं, पेन्सिल सेलवर चालणारं. त्यात नकाशा नव्हता. एखाद्या दारात उभं राहून बटण दाबलं की ती जागा त्याच्या लक्षात राहायची आणि पुढच्या वेळी पडद्यावरचा बाण तिकडे वळायचा. मी तिसरं निवडलं. रस्ता समजावा म्हणून नव्हे, माणसं टाळता यावीत म्हणून.

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते मी हँडलला बांधलं. हिवाळाभर जिथे जिथे निरोप घेऊन गेलो तिथली जागा त्यात भरली. बाण शंभरेक पावलं इकडेतिकडे करायचा, पण गल्लीपर्यंत नेलं की पुढे दार मला ओळखता यायचं. कोणाशी न बोलता मी आत जायचो आणि बाहेर पडायचो. मला फार सुटल्यासारखं वाटायचं.

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी पारोळ्याजवळच्या एका गावाहून फोन आला. आमच्या रंगखात्यातल्या एका माणसाची आई अत्यवस्थ होती आणि सारखी त्याचंच नाव घेत होती. तो तिचा एकुलता एक, आणि गावात ती एकटीच. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. भुसावळकडे जाणारी गाडी उधन्याहून संध्याकाळी सुटायची. हाताशी अडीच तास होते.

बाणानं मला त्याच्या गल्लीत आणलं, दार मी ओळखलं. निळं दार, बाजूला तेलाच्या डब्यात तुळस. दाराला कुलूप होतं. बाजारात गेले असतील, येतील, असं म्हणून मी गाडी सावलीत लावली आणि बसून राहिलो. ऊन मी म्हणत होतं. समोरच्या ओट्यावर एक बाई गहू निवडत होती. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा मी मान वळवली, कारण नजर भिडली असती तर तिनं चौकशी केली असती. असा मी तासाच्या वर बसलो. शेवटी न राहवून तिनंच विचारलं, कोण पाहिजे.

मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या ते आखाजीनंतर नवागामले गयात."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे लोक महिनाभर गावी जायचे. जाताना खोली सोडून द्यायचे आणि परतल्यावर मिळेल ती नवी घ्यायचे. दरवर्षीची रीत. मला ती पाठ होती, दरवर्षी पानवाल्याकडून मी नवे पत्ते विचारून घेतले होते. त्याच वर्षी घेतले नव्हते.

नवागाम म्हणजे जवळचीच दुसरी वस्ती; तिथे पोचल्यावर मी विचारत सुटलो आणि दहा मिनिटांत त्याचं घर सापडलं. निरोप ऐकून तो पायांत चपला न घालताच मागे बसला. आम्ही उधन्याच्या फलाटावर शिरलो तेव्हा शेवटचा डबा पुढे निघून गेला होता. बाहेर मोटारसायकलपाशी आल्यावर मी त्याला सांगितलं, बाणाच्या भरवशावर जुन्या दारापुढे तासभर बसलो होतो. हँडलवरच्या यंत्राकडे बघून तो एवढंच म्हणाला, "साहेब, कोनाला बी इचारलं असतं तं सांगितलं असतं."

तो एसटीनं दोन ठिकाणी गाड्या बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. आई पहाटेच गेली होती. उन्हाळ्याचे दिवस, गावकऱ्यांना थांबता आलं नाही.

यंत्र मी हँडलवरून सोडून घरी कपाटात टाकलं. मेहुण्याला लिहिलं, छान चालतंय.

पंधरा-वीस दिवसांनी तो कामावर आला, डोकं भादरलेलं. हजेरी लावून माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, खोली पुन्हा बदलली. लिहून घ्या." मग गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, शेजारी कोणत्या गावचे, सगळं त्यानं सावकाश सांगितलं. माझं लिहून होईपर्यंत तो हलला नाही.

मी सगळं लिहून घेतलं. त्याला निरोप धाडणारं आता गावाकडे कोणी उरलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.