किल्ल्याखालची माणसं

किल्ल्याखालच्या आमच्या गल्लीतले काका इतिहासाच्या गप्पांत एकच प्रश्न विचारतात, "और बाकी?" घरात मराठी बोलणारा हा माणूस हे शब्द मात्र हिंदीतच टाकतो, पानाची पिंक टाकावी तसे. शाळेच्या पुस्तकात सत्तावनच्या बंडातली आमची राणी घोड्यावरून किल्ल्याबाहेर पडते आणि धडा संपतो. त्याच दिवसांत गोऱ्यांनी घराघरांत शिरून माणसं कापली, त्यावर एक ओळ नाही. जयंतीच्या उत्सवात पुढारी राणीवर तासभर बोलले, तेव्हाही काकांनी मागून हेच विचारलं. लोक हसले. मला त्या हसण्याचा संताप आला.

यंदा सर्वपित्री अमावास्येला मी त्यांच्याकडे होतो. वाडवडिलांची नावं घेऊन तर्पण झालं, गुरुजी ताम्हन उचलू लागले. काकांनी हात मागे घेतला नाही.

"और बाकी?"

"कोण बाकी, काका?" गुरुजींनी विचारलं.

"तेव्हा या गल्लीत मारले गेले ते. हलवाई, कोरी विणकर, मुसलमान."

"त्यांचं नाव-गोत्र?"

"कुणी लिहिलंच नाही."

"आणि मुसलमानांना तर्पण कसं चालेल?"

काकांचा आवाज चढला. "पाणीच देतोय ना, गुरुजी? कापणाऱ्यांनी कुठं गोत्र विचारलं होतं?"