सहीच्या वरची जागा

ग्रामसेवकाच्या नोकरीत मी तीस वर्षं काढली आणि एक काम फार सफाईनं केलं. लोकांच्या सह्या आधी घेतल्या, सभेचं इतिवृत्त मागाहून लिहिलं. राळेगाव तालुक्यात मी ज्या ज्या गावी होतो तिथं हीच पद्धत होती. ग्रामसभेला माणसं येत नाहीत, आली तर चहा झाल्यावर थांबत नाहीत. मग शिपायाच्या हाती रजिस्टर द्यायचं. तो पानठेल्यावर, देवळापुढं, कुणाच्या शेताच्या बांधावर जाऊन सह्या गोळा करायचा. पानाचा वरचा भाग कोरा सोडलेला असायचा. मी सवडीनं त्यात ठराव भरायचो आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असं ठोकून द्यायचो. मी कुठं खोटं लिहितो, पाण्याच्या टाकीचं आणि शाळेच्या पत्र्यांचं तर लिहितो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते सांगणं आता बंद केलं आहे.

आमच्या वहिनीला सही करायला मीच शिकवलं. थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. शेत तीच सांभाळते, मजूर तीच लावते, आणि माझी पेन्शन सुरू झाल्यापासून मलाही अधूनमधून तीच कामाला लावते. गावात बायकांचा बचत गट निघाला तेव्हा ती अंगठा द्यायची. एकदा बँकेतल्या माणसानं तिचा अंगठा धरून शाईत दाबला, आणि वर हात पुसायला म्हणून रद्दीचा तुकडा भिरकावला. ती तिथून सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, “भाऊजी, मले नाव लिवा शिकवा. बाकी नाही आलं तरी चालते.” जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर तिनं पूर्ण उन्हाळा नाव गिरवलं. मी पुढची अक्षरं काढायला गेलो तर तिनं कागद गुंडाळून ठेवले. तिला नाव हवं होतं, ते मिळालं होतं. शेवटच्या अक्षराची वेलांटी ती आजही ओळीच्या बाहेर, पार वर नेते. तिची सही होईपर्यंत रांगेतल्या माणसांना थांबावं लागतं आणि तिला त्याचा काडीचाही संकोच नसतो.

तिच्याकडे तुरीचं बी आहे. लग्न होऊन उमरखेडकडून आली तेव्हा माहेराहून आणलेलं, लालसर, ठिपक्यांचं. दरवर्षी ती त्यातलं टपोरं निवडते, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरते आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकते. पेरणीच्या आधी, रोहिणीत, मडकं उघडतं. ज्याला हवं त्यानं यायचं, दोन्ही हात पुढं करायचे. पैशाचं नाव काढायचं नाही. तूर घरी आली की घेतल्यापेक्षा पसाभर जास्त परत आणून घालायची. आमच्याकडं कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असते, आणि निम्म्या गावाच्या त्या ओळी वहिनीच्या मडक्यातून निघालेल्या आहेत. कपाशीचं बी दरसाल दुकानातून येतं, सोयाबीनचंही बहुतेकांचं तसंच. घरचं म्हणावं असं हे एवढंच उरलं आहे.

दोन वर्षांमागे एक माणूस मला शोधत आला. कुठल्याशा सल्लागार संस्थेचा, तिशीतला, पुण्याकडची स्वच्छ भाषा, हातात लॅपटॉप. कुठल्याशा परदेशाशी मुक्त व्यापाराचा करार व्हायचा आहे, त्यावर शेतकऱ्यांची मतं घ्यायची आहेत, म्हणाला. “सर, तुमच्याशिवाय गाव जमणार नाही.” निवृत्त माणसाला असं कुणी ‘सर’ म्हटलं की तो विरघळतो. मीही विरघळलो. माझ्या पैशानं मी सभामंदिर झाडून घेतलं आणि दारोदार फिरून निरोप दिला.

सह्यांचे कागद त्यानं आणले होते. खाली नंबर घातलेले, वर कोरं. “मजकूर नंतर टाइप करू,” तो म्हणाला. दुसरा कुणी असता तर खटकलं असतं. मला तो माणूस शिस्तीचा वाटला! माझ्याच शाळेतला निघाला, असं मनात म्हटलं, आणि पोहे वाटायच्या आधी मी स्वतः फिरून सह्या घेतल्या. लोकांनी कागदाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहून सही केली. वहिनीनं मात्र चष्मा लावून, मांडीवर कागद ठेवून, वेलांटीसकट पूर्ण सही केली.

मग पडद्यावर चित्रं आली. जहाजं, हसरे शेतकरी, वर जाणारे बाण. बाहेरून माल स्वस्त येईल, आपला माल बाहेर जाईल, सगळ्यांचं भलं होईल. ते संपल्यावर आमचे शेजारी उठले. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि खाली संविधानाचं पुस्तक, वाचून वाचून सैल झालेलं. ते म्हणाले, “करार कुठं हाय? कागद दाखवा.”

“वाटाघाटी चालू असताना मसुदा गोपनीय असतो, सर.”

“मंग आमी कायवर मत देऊन राह्यलो? जे पाह्यलं नाही, त्याच्यावर?”

तो हसला. चांगला मुद्दा आहे, म्हणाला. नंतर फवारणीची मजुरी करणारा एक जण उभा राहिला. कपाशीवर औषध मारता मारता तो एकदा शेतातच पडला होता, आणि यवतमाळच्या दवाखान्यात त्याला आठ दिवस नीट दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, “मी ज्यानं पडलो ते औषध त्याइच्याच कंपनीचं. ते त्याइच्या देशात इकतेत का?” पाहुण्यानं सांगितलं की त्या देशात बहुधा बंदी असावी. “मंग बनवतेत कायले? आमच्यासाठी? अन् करार झाल्यावर ते इकडं येनं बंद होईन का अजून सवंग होईन?” याही मुद्द्याला पाहुण्यानं चांगला म्हटलं. त्यांचा देश आपल्या मालावरचा औषधाचा अंश फार काटेकोरपणे तपासतो, एवढं मात्र त्यानं कौतुकानं सांगितलं. म्हणजे त्यांच्या ताटाची काळजी पुरेपूर होती. ज्याच्या अंगावर औषध उडतं त्याच्यासाठी त्या पडद्यावर एकही चित्र नव्हतं.

शेवटी वहिनी उठली. पदराच्या गाठीत तिनं मूठभर तूर आणली होती. ती तिनं टेबलावर, लॅपटॉपशेजारी ओतली.

“हे माह्या घरचं बी हाय. करार झाल्यावर हे मले ठेवता येईन का? अन् कोनी मागतलं तं देता येईन का? हो म्हना, नाही तं नाही म्हना.”

“आजी, बियाण्याच्या हक्कांवर चर्चा चालू आहे. नवीन वाण शोधणाऱ्या कंपन्यांनाही संरक्षण हवं ना?”

“त्याइले द्या नं. मी कुठं आडवी आली? पन माह्या मडक्याले हात लागत असन तं मी नाही म्हन्ते. लिवा. या बाईनं नाही म्हनलं म्हून लिवा.”

“घेतलं, आजी.” त्यानं खटखट बटणं दाबली. ती बसेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्याच खुर्चीवर, त्याच्याकडून मिळालेली फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. मी म्हणालो, “लिहिलं हो, वहिनी. बसा आता.” माझा शब्द आल्यावर ती बसली. स्क्रीनवर काय लिहिलं गेलं ते मी पाहिलं नव्हतं.

पुढं वर्षभर काही कानावर आलं नाही. मग एका दिवशी टीव्हीवर करार झाला. मोठी माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती, सूत्रसंचालक ओरडत होता, शेतकऱ्यांचं सोनं होणार होतं. करार इंग्रजीत होता आणि सही झाल्यावर लोकांसाठी उघडा केला होता. लग्न लागल्यावर मुलगी दाखवायची, तसा प्रकार. त्या हंगामात बाहेरच्या रुईच्या गाठी येणार म्हणून जिनिंगवाले आमच्या कापसाची मूठ उचलून नाक मुरडायला लागले. ओल जास्त आहे, धागा आखूड आहे, ठेवून जा, पाहू. पण ते दुखणं सगळ्यांचं होतं. माझं वेगळं दुखणं शिक्षक मोबाइलवर घेऊन आले.

त्यांनी कुठून तरी त्या सल्लागार संस्थेचा अहवाल शोधून काढला होता. मागच्या पानांत आमच्या गावाचं नाव होतं. ‘उपस्थित शेतकऱ्यांनी आयात शुल्क कमी करण्याचं एकमतानं स्वागत केलं. सुधारित बियाण्याच्या हक्कांना बळकट संरक्षण मिळावं, अशी अपेक्षा व्यक्त केली.’ खाली आमच्या सह्या. करार दाखवा ही मागणी नव्हती, फवारणी नव्हती, मडकं नव्हतं. शिक्षकांनी मला दोष दिला नाही. फक्त एवढं म्हणाले, “भाषा तुमच्यासारखीच वाटली म्हून इचारतो. तुमी तं नाही नं लिवून देलं?”

मी लिहून दिलं नव्हतं. पण मला राग येण्याआधी लाज आली, कारण तो मजकूर मी लिहिला असता तर तसाच लिहिला असता. एकमतानं, स्वागत, अपेक्षा व्यक्त. तीस वर्षं मी तेच शब्द वापरले होते. त्या माणसानं नवीन काही केलं नव्हतं. त्यानं माझंच काम दिल्लीपर्यंत नेलं होतं.

वहिनीला मी वाचून दाखवलं. तिनं मोबाइल हातात घेतला, चित्र मोठं करायला लावलं आणि आपली सही शोधली.

“वेलांटी माहीच हाय,” ती म्हणाली. “अन् माहं नाही कुठं हाय?”

“ते त्यांनी घेतलं नाही, वहिनी.”

“तुमी तं म्हनलं लिवलं म्हून.”

तिनं मोबाइल माझ्याकडे परत दिला.

“अंगठा असता तं म्हनता आलं असतं, बाईले समजलं नाही. आता तेही म्हनता येत नाही. सही केली नं मी, चष्मा लावून.”

त्यानंतर मी जे केलं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. अर्ज केले. माहिती अधिकारात सभेची मूळ नोंद मागितली, आमचं म्हणणं जोडून घ्या अशी विनंती केली. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. शेवटी आलेल्या उत्तरात होतं की सल्लामसलतीची प्रक्रिया पूर्ण झाली असून उपस्थितांच्या स्वाक्षऱ्या अभिलेखात उपलब्ध आहेत. स्वाक्षऱ्या उपलब्ध आहेत! अशी वाक्यं मी स्वतः शेकडो माणसांना पाठवली असतील. पलीकडच्या टोकाला बसून ती वाचायची पाळी आल्यावर कळलं की त्यावर पुढं लिहायला काहीच उरत नाही. त्या माणसाचा फोन लागत नाही. करारामुळं तुरीच्या मडक्याचं काय होणार, हे शिक्षकांनाही अजून नक्की कळलेलं नाही. तो इंग्रजी मजकूर वाचून काढायला आम्हाला वकील लागेल आणि वकिलाला वेळ नाही. आजवर कुणी मडक्याला हात लावायला आलेलं नाही. उद्या आलं, तर तिनं संमती दिली आहे.

वहिनी माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखीच वागली. सणाला जेवायला बोलावलं, भाजी पाठवली. फक्त बचत गटाचं रजिस्टर आलं की आता ती आधी कुणाकडून तरी पूर्ण पान वाचून घेते, आणि वाचणारा मी नसतो.

या वर्षी रोहिणीत मडकं उघडलं. मी गेलो तेव्हा दोघं-तिघं बी घेऊन निघत होते. मी समोर बसून दोन्ही हात पुढं केले. वहिनीनं तुरीचं सूप बाजूला ठेवलं, उठून देवळीतून वहीचा एक कागद आणि पेन आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. कागद कोरा होता.

“आधी सही करा, भाऊजी.”

“कशावर?”

“खाली. वर जागा सोडा.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. मी सही केली, तीच, ऐटदार, सरकारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सही करताना वरच्या कोऱ्या भागाकडे माझं लक्ष गेलं. ती जागा बरीच मोठी होती.

“काय लिहिणार याच्यावर?”

“पाहू नं मागून. तुमाले कायची घाई हाय?” कागदाची घडी करून तिनं रिकाम्या मडक्यात, राखेवर ठेवली. मग माझ्या दोन्ही हातांत सुपातली तूर घातली, दरवर्षीइतकीच, मूठभरसुद्धा कमी नाही.

ती तूर आता कपाशीत गुडघ्याएवढी झाली आहे. वहिनीला नावापलीकडे एक अक्षर लिहिता येत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, कारण शिकवणारा मीच. तरी तिच्या घरात कुणी लिहिता येणारा माणूस शिरताना दिसला की मी रस्त्यातच थांबतो, तो बाहेर पडेपर्यंत.