खड्ड्यातलं विरजण

“पोट रडलं तर रडू दे, पण खड्ड्याचा तळ कुणी पाहायचा नाही,” असं थोरली आत्या एकदा म्हणाली होती.

आमच्या तिकोपिया बेटावर नीरफणस घरोघरी आहे. आत्याची झाडं तिच्या पणजीच्या झाडांच्या मुळांतून फुटलेली. फळं उतरवली की ती साल काढायची, गर पानं अंथरलेल्या खड्ड्यात भरायची. इतर घरांत तो आपोआप आंबू देतात. आत्या मात्र त्यात जुन्या खड्ड्यातला आंबट गोळा कुस्करायची, आणि नवा गर मुरला की त्यातलाच एक गोळा पानात बांधून तळाशी ठेवायची. वर पानं, माती, दगड. ते विरजण पणजीच्या हातचं. मेलेल्या बाईचा हात मातीखाली अजून काम करतो आहे, या विचाराने माझ्या अंगावर काटा यायचा.

वास मात्र असा, की शेजारचा म्हातारा पा तौमेरा आत्याला ओरडून म्हणायचा, “अगं नाउ मातारोआ, तुझा नवरा मेला नाही, वासाला भिऊन पळाला!”

“मग तू का रोज जेवायच्या वेळी टपकतोस रे मेल्या? नाक घरी ठेवून येत जा!”

धाकटी आत्या लग्न होऊन डोंगरापलीकडे रावेंगाला गेली, तेव्हा आजीने तिला निम्मं विरजण दिलं. मोठा निम्मा वाटा दिला, असं थोरलीचं म्हणणं. त्यावरून बहिणींचं बोलणं तुटलं. थोरलीने पुन्हा कधी डोंगर ओलांडला नाही.

मग वादळ आलं. सकाळी झाडांवर एक पान नव्हतं. आत्याचा जावई पा वैरोता याचं घर उडालं, तो बायकोला घेऊन आत्याकडे आला. सगळी वाडी तिच्या खड्ड्यावर जगू लागली. दगड तापवून भाजलेला तो गर आम्ही खायचो. समोर उघडी खोडं उभी, आणि आमच्या तोंडात त्यांचीच जुनी फळं.

आमच्यात सासू-जावई एकमेकांना उणा शब्द बोलत नाहीत, समोरासमोर काही विचारतही नाहीत. म्हणून तळाशी पानात बांधलेलं काय आहे, हे पा वैरोताने विचारलं नाही. बाकीचा गर संपला होता, पोरं रडत होती. त्याने ते भाजलं, वाटलं, आणि पहिला वाटा सासूपुढे ठेवला.

“आधी तुम्ही घ्या,” तो खाली बघत म्हणाला. “खड्डा धुऊन ठेवलाय. नव्या फळांना मोकळा.”

पा तौमेराचा घास हातातच राहिला. भाजलेलं विरजण विरजण राहत नाही.

“आई, त्यांना ठाऊक नव्हतं गं,” लेक कुजबुजली.

आत्या सावकाश चावत होती. शेवटचा कण गिळून ती लेकीला म्हणाली, “छान भाजलंय. सांग त्यांना.”

जावयाचा चेहरा उजळला. त्याला अजूनही काही कळलं नव्हतं.

“रावेंगात आहे की निम्मा,” पा तौमेरा पुटपुटला. “मोठा निम्मा.”

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. इतकी वर्षं त्या बाजूला तिची पाठच असायची. गोळा बांधून आणायला पानं तर कुठेच उरली नव्हती. तिने नारळाची करवंटी उचलली, पाण्याने आतून घासून घासून धुतली, उपडी करून निथळवली, छातीशी धरली, आणि डोंगराच्या वाटेला लागली.