वरचा बांध

गोंडी अक्षरं उमटवणारा प्रोग्राम मूळ कोडवरून तयार करताना माझ्या लॅपटॉपवर शेकडो एरर आल्या. उद्या तो शाळेत चालवायचा होता आणि मी गोंडपिपरीच्या झेरॉक्स दुकानात यादीच्या खालून एकेक एरर दुरुस्त करत बसलो होतो.

दुकानातल्या बाईंनी माझी प्रिंट देता देता स्क्रीन पाहिली. ओलं बोट पदराला पुसून त्यांनी यादी थेट सगळ्यात वर नेली.

“भाऊ, खालून काऊन लिपून राह्यले? वरचा बांध फुटला का खालच्या साऱ्या धानाच्या बांध्या फुटते.”

पहिल्या ओळीत एक फाइल सापडत नव्हती. ती टाकली आणि बाकीच्या एरर आपोआप गेल्या.

“हे कुठे शिकलात?”

“कॉम्प्युटर इथीच,” त्या ताठ मानेनं म्हणाल्या, “चूक शोधाले आमच्या धानात.”

मी इंजिनीअर आहे, हे त्यांना सांगितलं नाही.