तळ्याचा स्टॉप

डेपोत त्याला सगळे 'डबलबेल' म्हणायचे. माणूस पायरीवर चढला न चढला तोच हा दोरी ओढून दोनदा घंटी देणार आणि गाडी हलवणार. अख्खी नोकरी त्यानं एकाच मार्गावर काढली. दिवसभर स्टॉपची नावं ओरडायची: तबेला, जुना तुरुंग, ट्राम डेपो, तळं. तबेल्यात घोडा उरला नव्हता, तुरुंगाच्या जागी कापडबाजार भरत होता आणि ट्राम तर त्याच्या जन्माआधीच बंद पडलेली. शहरानं एकेक वस्तू गिळली आणि नावं तेवढी कंडक्टरच्या तोंडात ठेवली. त्याला त्याचं कधी नवल वाटलं नाही. प्रवाशाला तुरुंगात जायचंय की बाजारात, ते त्याचं तो बघेल, आपण तिकीट फाडावं.

लोकांना वाटायचं, हा माणूस शहर कोळून प्यायलाय. खरी गोष्ट अशी की मधल्या एकाही स्टॉपवर तो जन्मात उतरला नव्हता. दोन्ही टोकांना उतरायचा, तेही चहापुरता. बाकीचं शहर त्यानं खिडकीतून पाहिलं आणि तेसुद्धा अर्धं. बसमध्ये उभ्या माणसाला खिडकीतून दिसणार काय? फुटपाथ, दुकानांच्या पायऱ्या आणि लोकांचे पाय. पाट्या, मजले, गच्च्या सगळं टपाच्या आड. दुकान तो पायरीवरून ओळखायचा, पण ते कशाचं दुकान असं विचारलंत तर तुमच्याच तोंडाकडे बघत राहायचा.

तळ्याच्या स्टॉपवर मात्र तो वाकून बघायचा. स्टॉपसमोरच्या पिवळ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, त्याची थोरली बहीण राहायला आली होती. हे त्याला नातेवाइकांकडून कळलं, कारण ताई आणि तो बोलत नव्हते. का बोलत नव्हते? इथंच तर घोडं अडायचं. आई गेल्यावर काहीतरी झालं होतं. किंवा काहीच झालं नव्हतं. भाचीच्या लग्नाला ड्यूटीमुळे तो उशिरा पोचला, ते लागलं असेल? की आईचं शिवणयंत्र कुणी न्यायचं, त्यावरून? पण ते यंत्र दोघांपैकी कुणीच नेलं नव्हतं! विचार करकरून डोक्याचा भुगा व्हायचा. बायको म्हणायची, "कशावरून बिनसलं तेच आठवत नसेल, तर ते भांडण नाही हो, नुसता आळस आहे."

ताई चालताना डावं पाऊल जरा बाहेर टाकायची. तसं पाऊल फुटपाथवर दिसतंय का, ते तो बघायचा. दोन-चारदा दिसलंही. पण ते ताईचं की भलत्याच कुणाचं, हे ठरेपर्यंत हात सवयीनं दोरीवर गेलेला असायचा. एकदा तर 'मेला पायांकडे बघतो' अशी एका बाईनं तक्रारही केली. काय सांगणार तिला?

मग तो निवृत्त झाला, आणि वाकून बघणंही संपलं.

एका दुपारी जेवण झाल्यावर बायकोला कुणा चुलत जावेचा फोन आला. फोन ठेवून ती म्हणाली, "अहो, वन्सं आज चालल्या. लेकीकडे, कायमच्या. घरसुद्धा विकलं म्हणे. संध्याकाळची ट्रेन आहे."

लेकीचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर. या वयात कोण परत येतंय आणि कोण भेटायला जातंय? आज भेट झाली नाही तर झालीच नाही, हे त्याला लख्ख कळलं. पण बायकोसमोर तसं म्हणायची लाज वाटली. "भाजी आणतो," असं म्हणून त्यानं पिशवी उचलली आणि तडक बस गाठली. मोबाइल घरी चार्जिंगलाच राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा तो बसमध्ये प्रवासी म्हणून बसला आणि तिथंच त्याचा गोंधळ उडाला. बसल्यावर शहर वेगळंच दिसत होतं, नुसत्या पाट्याच पाट्या. नवा कंडक्टर काही ओरडेना. कुठूनतरी एक गोड आवाजाची बाई बोलायची आणि 'महानगर केंद्र', 'उद्यान चौक' असली नावं घ्यायची. हा कान टवकारून तळ्याची वाट बघत बसला. तबेला गेला की नाही, तेही कळेना. शेवटी त्यानं कंडक्टरला विचारलं, "तळं कधी येणार?"

"कुठलं तळं, काका?"

तो घाईघाईनं पुढच्या स्टॉपला उतरला आणि रस्त्यावर उभा राहिला. कुठल्या बाजूला जायचं? बसमध्ये पुढे म्हणजे पुढे आणि मागे म्हणजे मागे. इथं चारही बाजू सारख्याच!

चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला त्यानं तळ्याचा पत्ता विचारला. तो हसला. "इथं नळाला पाणी नाही, काका, तळं कुठलं?"

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली. "होतं की! माझे वडील पोहायचे त्यात. बुजवलं. तुम्ही उभे आहात, तिथंच होतं."

"काहीतरीच काय," दुसरा म्हातारा म्हणाला. "ते शाळेच्या मागं होतं."

"शाळेच्या मागं विहीर होती!"

"विहीर तुमच्या डोक्यात होती!"

दोघांची चांगलीच जुंपली. तळं मेलं आणि भांडण मागे ठेवून गेलं. डबलबेल हातात रिकामी पिशवी घेऊन मधे उभा. त्याला तळं नको होतं, ताई हवी होती. तो हळूच सटकला आणि पिवळी इमारत शोधायला लागला. पिवळी इमारत एकही नव्हती. मग त्यानं आपल्या ओळखीची खूण काढली: काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, मधली फुटकी. मान खाली घालून तो फुटपाथवरून इकडून तिकडे फिरला. लोकांना वाटलं, यांचं काहीतरी पडलंय. एकीनं थांबून विचारलंसुद्धा, "अंगठी का हो?" काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याच पायऱ्यांवरून तो दोनदा पुढे गेला होता. फुटपाथ उंच केला तेव्हा खालची पायरी आत गेली होती, आता फुटकी पायरीच पहिली होती. आणि इमारत कुणीतरी निळी रंगवली होती.

तो धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर गेला. ताईच्या दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली.

"ताई? त्या मघाशीच गेल्या. भावाकडे."

"कुठल्या भावाकडे?" त्यानं विचारलं. क्षणभर त्याला खरंच वाटलं, ताईला आणखी एखादा भाऊ आहे की काय.

"जाण्याआधी एकदा भावाचं तोंड बघते, म्हणाल्या. सामान जावयांनी गाडीत भरलंय, तिथूनच परस्पर स्टेशनवर. तुम्ही कोण?"

"मी... भाऊ."

शेजारीण त्याच्याकडे बघत राहिली, तो शेजारणीकडे. मग तिनंच फोन लावून त्याच्या हातात दिला.

"कोण?"

"मी."

ताई कडाडली, "कुठं उलथला आहेस? मी केव्हाची तुझ्या घरी बसलेय. तुझी बायको म्हणते, भाजीला गेलाय."

"मी तुझ्या घरी आलोय."

"माझ्या घरी? आज?"

"ताई," त्यानं विचारलं, "तू माझ्यावर रागावली होतीस कशावरून?"

"मी? अरे, अबोला तू धरलास! मी म्हटलं, याच्या मनाला काहीतरी लागलंय. काय ते आजतागायत कळलं नाही मला."

"मला वाटलं, तुझ्याच मनाला..."

मागून जावयाचा आवाज आला, "आई, निघायला हवं. ट्रेन चुकेल."

"तू थांब, ताई, मी येतो. आत्ता बस मिळाली की—"

"हलू नकोस!" ताई ओरडली. "तू निघालास की पुन्हा चुकामूक होणार. रोज माझ्या दाराशी यायचास, घंटी द्यायचास आणि जायचास. मी खिडकीत उभी असायचे. आज उतरलायस ना? मग तिथंच राहा. मी येते."

"अगं, पण ट्रेन?"

"जाऊ दे गेली तर!" फोन बंद झाला.

ताईनं ठेवून दिलेल्या किल्लीनं शेजारणीनं कुलूप उघडून दिलं. खोली रिकामी होती, एक केरसुणी तेवढी कोपऱ्यात. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याच्याच मार्गाची एक बस खाली येऊन थांबली. वरून तिचं नुसतं टप दिसत होतं. आत कोण उभं आहे, काही म्हणजे काही कळत नव्हतं. घंटी तेवढी ऐकू आली, दोनदा, आणि बस गेली.